ख्रिस्तपुराण व संस्कारांची भाषा

रायपूरहून बिलासपूरच्या रस्त्यास लागले की भनपुरीची कारखान्यांची वसाहत येते. बदलीच्या निमित्ताने अशा ठिकाणी बिऱ्हाड केलेल्या मराठी कुटुंबास केव्हा तरी कॅथलिक शेजाऱ्याकडून मुलाच्या बाप्तिस्म्याचे बोलावणे येते. आपण ते बारसेच समजतो आणि झबले-टोपडे घेऊन जातो. तेथे मुलाचे नाव घेतले जाते, डोक्यावर पाणी ओतले जाते, तेल लावले जाते. परतताना मात्र आपण पाहिले ते बारसे नव्हे, असे मनात येत राहते. हे वेगळेपण कोणते, याचा शोध मराठीतच घ्यावयाचा तर चारशे वर्षे मागे, फादर टॉमस स्टीफन्सच्या ख्रिस्तपुराणाकडे वळावे लागेल, असे आम्हांस वाटते.

प्रथम शब्दाचा विचार करू. मराठी कॅथलिक ज्यास ‘संस्कार’ म्हणतात तो शब्द आपल्या परिचयाचा आहे, आणि घोटाळा होतो तो त्या परिचयामुळेच. आपला संस्कार माणसाला घडवितो, शुद्ध करतो. धातूला द्यावे तसे तेज देतो. कॅथलिक संस्कार हे एक चिन्ह आहे. मात्र ते नुसती खूण नव्हे. ते ज्या कृपेची खूण करते ती कृपा प्रत्यक्ष देते, अशी तेथील श्रद्धा आहे. असे संस्कार सात: बाप्तिस्मा, दृढीकरण, ख्रिस्तप्रसाद, पापनिवेदन, आजाऱ्याचा तैलाभ्यंग, गुरुदीक्षा आणि विवाह. ट्रेंटच्या धर्मपरिषदेने १५४७ मध्ये ही सातांची संख्या निश्चित केली. पाणी, भाकरी, द्राक्षरस, तेल हे रोजच्या घरातले पदार्थच येथे साधन होतात. परंतु पदार्थ एकटा पुरत नाही. त्याच्या जोडीला शब्द लागतो. आमच्या विवेचनाचा मुद्दा या शब्दाशीच निगडित आहे.

स्टीफन्स हा जन्माने इंग्रज. तो १५७९ मध्ये गोव्यास आला आणि १६१९ मध्ये मरेपर्यंत तेथेच राहिला. त्याचे ख्रिस्तपुराण १६१६ मध्ये रायतूर येथे रोमन लिपीत छापले गेले. दोन पुराणे मिळून सुमारे अकरा हजार ओव्यांचा हा ग्रंथ; पण आमच्या पाठ्यपुस्तकांनी आणि व्याख्यात्यांनी त्यातील मराठी भाषेच्या स्तुतीच्या चार-पाच ओव्या उचलल्या आणि बाकीच्या ग्रंथास नमस्कार केला. परकीयाने मातृभाषेची थोरवी गाइली याचा आनंद होणे स्वाभाविक आहे. परंतु केवळ प्रशस्तिपत्रासाठी ग्रंथ बाळगणे हे काही रसिकतेचे लक्षण नव्हे. तो कोणासाठी व कशासाठी लिहिला, हे विचारणे टीकेचे पहिले काम होय.

त्याचे उत्तर ग्रंथाच्या आरंभीच आहे. सासष्टीतील एक ब्राह्मण पाद्रीस विचारतो की, आमची जुनी पुराणे तुम्ही बंद केलीत, तर त्यांच्या जागी दुसरी का देत नाही? हा प्रश्न साधा नाही. सासष्टीतील देवळे १५६७ मध्ये पाडली गेली. १५८३ मध्ये कुंकळ्ळीस पाच जेझुइटांची हत्या झाली. पोर्तुगीज सत्तेच्या छायेत झालेला बाप्तिस्मा प्रत्येक वेळी मनाच्या पूर्ण संमतीने झाला असेल, असे कोण म्हणेल? त्या माणसांना नवे नाव मिळाले होते, पण कथा मिळाली नव्हती; जुनी तर हिरावली गेली होती. ख्रिस्तपुराणाचे खरे कार्य येथे दिसते. पाण्याने जे एका क्षणात केले त्याला अर्थ देण्यासाठी अकरा हजार ओव्या लागल्या. विधी लॅटिनमध्ये चालत असे. ओवी मात्र श्रोत्यांच्या कानाची होती. श्रोत्याने शंका विचारावी आणि पाद्रीने तिचे निरसन करावे, ही आपल्या पुराणांची जुनी रीत स्टीफन्सने टाकली नाही, यात त्याची मर्मदृष्टी दिसते.

याहूनही लक्षणीय गोष्ट अशी की, सातांपैकी दोन संस्कार माणसाच्या स्वतःच्या शब्दावाचून होऊच शकत नाहीत. पापनिवेदनात पाप ज्याचे त्याने सांगावयाचे असते, आणि पाद्रीस ते समजले पाहिजे. विवाहात, कॅथलिक विचाराप्रमाणे, संस्कार देणारे वधूवर स्वतःच असतात. पाद्री साक्षी असतो. स्टीफन्सने येथील भाषेचे व्याकरणही रचले. ते त्याच्या मृत्यूनंतर १६४० मध्ये रायतुरासच छापले गेले. व्याकरण हे पंडिताचे काम असे आपण समजतो. येथे ते गुडघे टेकून बोलणाऱ्या माणसाचे ऐकून घेण्याची पूर्वतयारी होते.

ग्रंथात उणिवा नाहीत असे नाही. जुन्या देवांवरील टीका एकांगी आहे. पोर्तुगीज व लॅटिन धर्मपदे ओवीत ठेवताना तिची चाल अडखळते. पण कथा सुरू झाली की ओवी मोकळी होते, आणि न्हाणे, जेवणे, क्षमा करणे या ओळखीच्या क्रियांतून संस्कारांचा अर्थ आपोआप उमगतो. तात्त्विक विवरणापेक्षा आम्हांस हा भाग श्रेष्ठ वाटतो.

पुढे १६८४ मध्ये गोव्याच्या पोर्तुगीज शासनाने देशी भाषेविरुद्ध फर्मान काढले. पुराणाच्या तीन आवृत्त्या निघाल्या होत्या, परंतु त्यांची एकही छापील प्रत आज उपलब्ध नाही. हस्तलिखितांनी ग्रंथ तारला. देवनागरीत तो शांताराम बंडेलू यांनी १९५६ मध्ये पुण्याहून आणला. देवळातील विधीस लोकभाषेचे द्वार दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६३ मध्ये उघडले. मधल्या काळात मराठी शब्द घराच्या अंगणात जगला. मुंबई-वसईकडील कॅथलिकांच्या लग्नात उंबराचे पाणी आणण्याचा विधी आहे. तो वाजतगाजत होतो आणि त्याची गाणी त्यांच्या बोलीतली असतात. देवळात लॅटिन, अंगणात मराठी, अशी ही वाटणी होती.

आम्ही परप्रांतात राहणारी माणसे. कचेरीचा कारभार इंग्रजीत होतो, बाजार हिंदीत आणि छत्तीसगढीत होतो, आणि काही अडत नाही. परंतु चूक कबूल करावयाची असली, किंवा जन्मभराचे वचन द्यावयाचे असले, म्हणजे जीभ आपली भाषा शोधू लागते. ख्रिस्तपुराण आम्हांस आपले वाटते ते त्याने मराठीची स्तुती केली म्हणून नव्हे. जी माणसे त्या भाषेतच मनातले बोलू शकत होती, त्यांच्याशी ते त्या भाषेत बोलले. भनपुरीच्या शेजाऱ्याकडे पुन्हा बोलावणे आले, तर झबल्याबरोबर एवढी जाणीवही आम्ही नेऊ.