भयकथा आणि वस्तुशोध

वाङ्मयाच्या दरबारांत ज्यांना अद्यापि आसन मिळालेलें नाहीं, अशा करमणुकीच्या प्रकारांविषयीं लिहूं लागलें कीं टीकाकाराची पहिली अडचण प्रतिष्ठेची असते. संगणकावरील खेळ हा विषय असाच आहे. परंतु कादंबरीलाहि एके काळीं हेंच ऐकून घ्यावें लागलें होतें. आणि ज्या भयकथेला आपण आज इंग्रजी वाङ्मयाच्या इतिहासांत स्वतंत्र प्रकरण देतों, ती तर जन्मतःच आपलें खरें कुळ लपवून आली. होरेस वॉल्पोलनें १७६४ सालीं ‘दि कॅसल ऑफ ओट्रॅन्टो’ प्रसिद्ध केली, ती एका जुन्या इटालियन ग्रंथाचें भाषांतर म्हणून. लोकांना ती आवडल्याचें दिसल्यावर दुसऱ्या आवृत्तींत त्यानें तिचें कर्तृत्व आपल्याकडे घेतलें. तेव्हां आज तीच भयकथा खेळाच्या वेषानें आपल्या दारीं आली, तर केवळ वेषावरून तिला परत पाठविणें रास्त होणार नाहीं. तिची परीक्षा मात्र कसून केली पाहिजे.

या परीक्षेसाठीं आम्ही घेतलेली कृति म्हणजे ‘मिस्टरी केस फाइल्स’ या मालेंतील ‘रेव्हनहर्स्ट’ हा खेळ. अमेरिकेंतील सिॲटल शहरच्या बिग फिश या कंपनीनें तो २००६ सालीं काढला, आणि भुताटकीच्या वाड्यांत वस्तू हुडकण्याचे जे असंख्य खेळ पुढें निघाले, त्यांच्या मोठ्या भागावर त्याची छाया आहे. कथानक थोडक्यांत असें: इंग्लंडमधील ब्लॅकपूल येथें रेव्हनहर्स्ट नांवाचा एक ओसाड वाडा आहे. एम्मा रेव्हनहर्स्ट या तरुणीला चार्ल्स डालिमार नांवाच्या पुरुषानें मागणी घातली. तिनें ती नाकारली. त्या नकाराचें फळ असें झालें कीं ती त्या वाड्याची बंदिवान झाली, आणि मृत्यूनंतरहि तिच्या आत्म्याला तेथून सुटतां आलें नाहीं. खेळणारानें गुप्तहेर होऊन वाड्यांतील खोल्या एकामागून एक उघडावयाच्या, एम्माच्या रोजनिशीचीं फाटलेलीं पानें जमवावयाचीं, आणि अखेर तिला मुक्त करावयाचें.

हें साधण्याची रीति अशी. प्रत्येक खोलीचें चित्र वस्तूंच्या पसाऱ्यानें खच्चून भरलेलें असतें. जवळच एक यादी असते: कात्री, कासव, छत्री, बुद्धिबळांतला घोडा, अशा मासल्याची. त्या वस्तू पसाऱ्यांतून हुडकून त्यांवर बोट ठेवलें कीं त्या नाहींशा होतात आणि यादींतील नांव खोडलें जातें. घड्याळ चालू असतें. वेळ संपण्यापूर्वीं काम झालें पाहिजे. मधूनमधून दारांवर चमत्कारिक यंत्रांचीं कुलुपें लागतात. तीं युक्तीनें उघडावीं लागतात.

वरवर पाहतां हा मुलांच्या चित्रांच्या पुस्तकांतला खेळ एका भयकथेला चिकटविलेला दिसेल. मार्टिन हँडफर्डच्या १९८७ सालच्या पुस्तकांत गर्दींतून वॉलीला हुडकणारीं मुलें ज्यांनीं पाहिलीं आहेत, त्यांस हा प्रकार परिचयाचा वाटेल. परंतु शोध आणि भय यांचा संबंध इतका उपरा नाहीं. जुन्या वाड्याची भयकथा ही मुळापासून शोधाचीच कथा आहे. १७९४ सालच्या ॲन रॅडक्लिफच्या ‘दि मिस्टरीज ऑफ उडॉल्फो’मध्यें नायिका एमिली एक काळा पडदा दूर करून पाहते आणि मूर्च्छित पडते, पडद्याआड होतें तरी काय, हें वाचकाला शेकडों पृष्ठांनंतर कळतें. तो मेणाचा पुतळा असतो. पडदे, पेट्या, कपाटें, चोरदरवाजे आणि अर्धवट कागद यांवांचून या वाङ्मयाचें पान हालत नाहीं. वाडा हा तेथें माणसाच्या गुपिताचें दुसरें शरीर असतो. तेव्हां ‘रेव्हनहर्स्ट’च्या कर्त्यांनीं आम्हांस कपाटें धुंडाळावयास लावलें, यांत त्यांनीं परंपरा सोडली नाहीं; उलट तिच्यांतील एक अंग वेगळें काढून तें खेळणाराच्या हातीं दिलें.

प्रश्न पुढेंच आहे. जें हुडकावयाचें, त्याचा कथेशीं संबंध काय? या एका कसोटीवर ‘रेव्हनहर्स्ट’मधील वस्तूंचे दोन वर्ग पडतात. पहिल्या वर्गांत रोजनिशीचीं पानें येतात. तीं सांपडलीं कीं एम्माचा आवाज कानीं येतो, तिची आशा कोठें होती आणि शंका कोठून शिरली हें उलगडत जातें, आणि शोधणारा पुढच्या पानासाठीं अधीर होतो. दुसऱ्या वर्गांत कात्री आणि कासव. एम्मानें त्या कात्रीनें कांहीं कापलें होतें काय? तें कासव कोणाचें? खेळाला याचें कांहीं उत्तर द्यावयाचें नाहीं, आणि खेळणाराहि विचारीत नाहीं. वस्तु सांपडली, नांव खोडलें, संपलें. एकाच खोलींत एका हातानें आपण एका दुर्दैवी स्त्रीचें चरित्र जुळवितों आणि दुसऱ्या हातानें तिच्या घराची लिलांवाची यादी करतों.

हे खेळ आवडीनें खेळणारी मंडळी एकमेकांशीं बोलूं लागलीं कीं ही दुफळी फार स्पष्ट होते. त्यांच्या संभाषणाचा मोठा भाग कोणती वस्तु कोठें दडली आहे यानेंच व्यापलेला असतो. सूचनेचें बटण दाबणें हा पराभव कीं सोय, घड्याळ असावें कीं नसावें, कुलुपाचें यंत्र युक्तिवाद मागतें कीं नुसती चिकाटी, हे त्यांचे नित्याचे वाद. त्यांतला एक तर भाषेच्या अभ्यासकालाहि रुचेल. इंग्रजी यादींत ‘बो’ असा शब्द आला तर धनुष्य पाहावयाचें, केसांची फीत पाहावयाची, कीं सारंगीचा गज? ‘बॅट’ म्हणजे वटवाघूळ कीं चेंडूफळी? मराठींत अशी यादी केल्यास ‘पान’ हा एकच शब्द खेळणाराला झाडाकडे, पोथीकडे, तबकांतल्या विड्याकडे आणि जेवणाच्या पंक्तीकडे अशा चार दिशांनीं पिटाळील. शब्द आणि वस्तु यांमधील ही लपंडाव खरोखर रम्य आहे, आणि या खेळाचा बौद्धिक आनंद पुष्कळसा तींतच सांठलेला आहे. परंतु या साऱ्या बोलण्यांत एम्माचें नांव क्वचित् निघतें. ती यादींत नसते ना!

यावर खेळणारांतील एक पक्ष म्हणतो कीं कथा ही केवळ खुंटी आहे. दिवसभर शिणलेलें मन पसारा न्याहाळण्यांत विसांवतें, एवढा लाभ पुरे. हा युक्तिवाद प्रामाणिक आहे, आणि विसांव्याची निंदा करण्याचा आमचा हेतु नाहीं. परंतु खुंटी कशासाठीं एवढी निवडून घेतली, हें मग सांगावें लागेल. नुसता पसाराच हवा असता तर भाजीबाजाराचें चित्र चाललें असतें. ओसाड वाडा, विझत चाललेला उजेड आणि बंदिवान स्त्री हीं का लागलीं? लागलीं, कारण हुडकतां हुडकतां अंगावर कांटा यावा, ही अपेक्षा आहे. आणि ज्यानें भयाची अपेक्षा उत्पन्न केली, त्यानें भयाच्या कलेचे नियमहि पाळले पाहिजेत.

ते नियम रॅडक्लिफबाईंनींच सांगून ठेवले आहेत. त्यांच्या मृत्यूनंतर १८२६ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका निबंधांत त्यांनीं भीति आणि किळसयुक्त धसका यांत भेद केला आहे: अस्पष्टतेंतून उपजणारी भीति मनाला विस्तार देते, उघड्या बीभत्साचा धसका त्याला आखडून टाकतो. ‘रेव्हनहर्स्ट’ची अंधारी चित्रें पहिल्या प्रकारास अनुकूल आहेत. निश्चल चित्राकडे टक लावून पाहतांना ‘येथें आपल्याशिवाय आणखी कोणी आहे’ असा भास होतो, आणि तो या माध्यमाचा स्वतःचा असा गुण आहे. पुस्तकाच्या पानाकडे आपण असें पाहत नाहीं. परंतु अस्पष्टतेला अवसर लागतो, आणि घड्याळ तोच हिरावून घेतें. भुताची चाहूल घेणारा माणूस घाईंत नसतो.

पाहण्याला हेतु असला म्हणजे पाहणें कसें बदलतें, याचे दोन दाखले इंग्रजी वाङ्मयांतूनच देतां येतील. एडगर ॲलन पोच्या १८४४ सालच्या ‘दि पर्लॉइन्ड लेटर’ या कथेंत द्युपँ हा चतुर पुरुष नकाशावरील एका खेळाचें उदाहरण देतो. नवशिका बारीक अक्षरांतलें नांव ओळखावयास सांगतो. मुरलेला खेळाडू नकाशाभर पसरलेलें ठसठशीत नांव निवडतो, कारण डोळा नेमका त्यालाच चुकतो. चोरलेलें पत्र तसेंच सर्वांच्या डोळ्यांपुढें ठेवलेलें असतें. दुसरा दाखला किप्लिंगच्या ‘किम’चा. १९०१ सालच्या या कादंबरींत सिमल्याचा लर्गनसाहेब तबकांत रत्नें मांडून किमला तीं पाहूं देतो आणि झांकून टाकतो. काय पाहिलें तें मग त्यानें आठवणीनें सांगावयाचें. दोन्ही ठिकाणीं खेळ डोळ्यांचाच आहे, परंतु पोच्या कथेंत पाहणें हें दुसऱ्याचें मन ओळखणें आहे आणि किपलिंगच्या कादंबरींत तें एका मुलाचें घडणें आहे. कात्री शोधणाऱ्यानें कात्री पाहिली. ती ठेवणाराचें मन त्याला दिसलें नाहीं.

आतां कथेच्या गाभ्याकडे वळूं. जेन ऑस्टेननें रॅडक्लिफच्या संप्रदायाची गोड थट्टा केली, हें तिच्या वाचकांस ठाऊकच आहे. १८१७ सालच्या अखेरीस, तिच्या मृत्यूनंतर निघालेल्या ‘नॉर्थँगर ॲबी’मध्यें भोळी कॅथरिन वादळी रात्रीं एक जुनें काळें कपाट उघडून कागदांची गुंडाळी हस्तगत करते. सकाळीं पाहते तों तीं धोब्याचीं बिलें! पुढें ती घरच्या यजमानावर, म्हणजे जनरल टिल्नीवर, पत्नीच्या घाताचा संशय घेते, तोहि पोकळ ठरतो. परंतु थट्टा येथें संपत नाहीं. ही मुलगी समजलों तेवढी श्रीमंत नाहीं असें कळतांच तोच जनरल तिला अवेळीं, एकटी, घराबाहेर काढतो. भुतें खोटीं निघालीं. क्रौर्य खरें निघालें, आणि तें चांगल्या घरांत, जेवणाच्या टेबलाशीं बसलेलें निघालें.

‘रेव्हनहर्स्ट’चें बीज याच जातीचें आहे. त्यांतील भयंकर गोष्ट भूत नव्हे; ‘नाहीं’ हा शब्द ऐकूं न शकणारा पुरुष ही आहे. मागणी नाकारण्याचा स्त्रीचा अधिकार तोंडानें सर्वांना मान्य असतो. तो वापरल्यावर तिचें काय होतें, हें आजचीं वर्तमानपत्रें वाचणाऱ्या कुटुंबांस सांगावयास नको. चार्ल्स डालिमार हा परदेशी कल्पनेचा राक्षस म्हणून दूर ठेवतां येत नाहीं, यांतच या साध्या कथेचें बळ आहे. रोजनिशीचीं पानें जुळवीत असतां हळूहळू उमगत जाणारा तो विश्वासघात, हें या खेळांतलें खरें वाङ्मय होय.

खेदाची गोष्ट ही कीं मालेच्या पुढील वाटचालींत हें बळ वाढलें नाहीं. २००८ सालच्या ‘रिटर्न टु रेव्हनहर्स्ट’मध्यें कलेची एक पायरी खास चढली: एका खोलींत मिळालेली वस्तु जवळ बाळगून दुसरीकडे उपयोगांत आणावी लागूं लागली, त्यामुळें निदान कांहीं वस्तूंना कथेंत काम मिळालें. परंतु कथेच्या बाजूला रोझ सॉमरसेट आणि तिच्या जुळ्या मुली अशी बंदिवानांची भर पडली. संख्या वाढली म्हणून करुणा वाढली नाहीं. २०११ सालच्या ‘एस्केप फ्रॉम रेव्हनहर्स्ट’नें तर खेळणाराला चार्ल्सच्याच आयुष्यांतून हिंडविलें. याद्या बाजूस सारून, पाहतां पाहतां रूप पालटणाऱ्या वस्तू ओळखण्याचा प्रकार त्यांत आणला, तो भयाला याद्यांपेक्षां किती तरी अनुरूप आहे. पण कथेचा मध्य सरकला तो सरकलाच. या खेळानें खेळणारांत दोन तट पाडले. कोणी म्हणाले, मालेंतला हा सर्वांत धीट प्रयत्न. कोणी म्हणाले, हें पाहवत नाहीं. रॅडक्लिफबाईंच्या तराजूनें तोललें तर दुसऱ्यांची तक्रार अगदींच हळवेपणाची ठरत नाहीं: भीतीची जागा धशानें घेतली होती. शिवाय जिनें ‘नाहीं’ म्हटलें ती मागें पडली, आणि ज्यानें तें ऐकलें नाहीं त्याचें मन उकलण्यांत सारी प्रतिभा खर्ची पडली. दुष्टाचें मन उकलूं नये असें नाहीं; शेक्सपिअरनें तें केलें आहे. परंतु त्याच्या मॅकबेथशेजारीं मॅकडफचा शोकहि तितकाच बोलका आहे.

तात्पर्य, हा प्रकार टाकाऊ नाहीं. तो अपुरा आहे, आणि कोठें अपुरा तें दाखवितां येतें. शोधावयाची प्रत्येक वस्तु जर हरवलेल्या माणसाची असेल, तिच्या सांपडण्यानें त्याच्या आयुष्याचा एखादा कोपरा उजळत असेल, आणि ती हातीं घेतांना खेळणाराला क्षणभर थबकावें असें वाटत असेल, तर याद्यांच्या या खेळांतून खरी भयकथा निर्माण होईल. त्याला नवें तंत्र लागत नाहीं, पैसाहि फारसा लागत नाहीं. यादी करणारानें ती करण्यापूर्वीं रोजनिशी वाचलेली असली म्हणजे पुरे. आणि खेळणारांनींहि आपल्या चर्चेंत छत्री कोठें सांपडली याबरोबर ती कोणाची होती हें विचारावयास आरंभ केला, तर कर्त्यांना याचें उत्तर तयार ठेवावें लागेल.