निवडुंग कोणी काढला?

किर्लोस्करवाडीविषयी मराठी माणसाने जेवढे वाचले आहे, तेवढे महाराष्ट्रातील दुसऱ्या एखाद्या कारखानी गावाविषयी क्वचितच वाचले असेल. शंकरराव किर्लोस्करांनी लिहिलेले लक्ष्मणरावांचे चरित्र ‘यांत्रिकाची यात्रा’, त्यांचे स्वतःचे आत्मकथन ‘शंवाकीय’ आणि शंतनुरावांचे इंग्रजी आत्मचरित्र ‘कॅक्टस अँड रोझेस’, ही तीन पुस्तके तर घराण्यातच लिहिली गेली. ह्या पुस्तकांचा मी जुना वाचक आहे, आणि त्यांच्यावर माझा लोभ आहे. तरीही पलूसच्या शेजारी वाढलेल्या ह्या गावाची जी गोष्ट आपण त्यांतून ऐकत आलो ती अर्धीच आहे, असे मला अलीकडे वाटू लागले आहे.

गोष्ट वाचकांस ठाऊक आहेच. मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली संस्थेतले शिक्षक लक्ष्मणराव बढतीच्या वेळी डावलले जातात. नोकरी सोडून बेळगावला येतात, बंधू रामुअण्णांबरोबर सायकलींचे दुकान चालवतात. मग कडबा कापण्याची यंत्रे, मग लोखंडी नांगर. पुढे नगरपालिकेला जागा हवी होते आणि कारखान्याला बेळगाव सोडावे लागते. अशा वेळी औंधचे राजेसाहेब बाळासाहेब पंतप्रतिनिधी कुंडल रोड स्टेशनाजवळची ३२ एकर ओसाड जमीन देतात, आणि १९१० च्या मार्च महिन्यात निवडुंगाने व सापांनी भरलेल्या माळावर वाडी उभी राहू लागते. (मराठीतला पहिला दिवाळी अंक ‘मनोरंजन’ने काढला तो १९०९ साली. वाडी आणि दिवाळी अंक ही अशी जवळजवळ जुळी भावंडे!)

ह्या कथेत सामर्थ्य आहे, ते नाकारण्याचा करंटेपणा मी करणार नाही. पण शंतनुरावांच्या पुस्तकाचे नावच पाहा. निवडुंग आणि गुलाब. आधी काही नव्हते, मग आम्ही आलो, मग फुले आली, असा त्या नावाचा ध्वनी आहे. आता माळ ओसाड होता हे खरे. परंतु मुलूख ओसाड नव्हता. डोंगरावरच्या पार्श्वनाथाच्या दर्शनाला जैन यात्रेकरू कुंडलला येत होते. पुण्याहून मिरजेकडे जाणारी आगगाडी त्याआधीच त्या माळाला खेटून धावत होती, आणि कुंडल औंध संस्थानात होते म्हणूनच राजेसाहेबांना ती जमीन देता आली. रूळ, राजा आणि रयत ही तिन्ही तेथे हजर होती. तेव्हा निवडुंग गेला हे मान्य करूनही विचारावेसे वाटते, की तो काढला कोणाच्या हातांनी?

चरित्रकथांत ह्याचे ओझरते उत्तर मिळते, आणि ती मला त्यांतली उत्तम पाने वाटतात. औंधच्या तुरुंगात शिक्षा भोगलेल्या तुकाराम व पिराजी रामोशांवर लक्ष्मणरावांनी रात्रीची राखण सोपवली, हा प्रसंग कोणताही कादंबरीकार आनंदाने उचलील. शाळा अर्धवट सोडलेले अनंतराव फळणीकर तेथे इंजिनिअर झाले. शिवाशिव पाळायची नाही असा दंडक वाडीत होता. ही माणसे पानात येतात, उजळतात आणि निघून जातात. कथा पुन्हा मालकापाशी येते. चरित्राचा तो धर्मच आहे म्हणा. माझी तक्रार अशी, की गावाचा इतिहास म्हणून आपण चरित्रावरच भागवले.

नांगराचेच घ्या. पहिला लोखंडी नांगर विकायला दोन वर्षे लागली. लोखंडाने जमीन विषारी होते अशी शेतकऱ्याची समजूत होती, हे आपण हसून वाचतो. मला ह्यात शेतकऱ्याचा हिशेबही दिसतो. लाकडी नांगर मोडला तर गावचा सुतार बलुत्यावर तो नीट करून देई. लोखंडी नांगराचा फाळ तुटला तर? शे-दीडशे मैलांवरच्या कारखान्याकडे डोळे लावून बसायचे? ह्या शंकेला उत्तर देता देताच कारखाना वाढला. सुटे भाग, गावोगावचे एजंट, रेल्वेने माल पोचवणे, हे सारे त्या संशयी गिऱ्हाइकाने करून घेतले. अमेरिकेत जॉन डीअर ह्या लोहाराने १८३७ साली ग्रँड डिटूर नावाच्या खेड्यात पोलादी नांगर केला. पण १८४८ साली तो मिसिसिपीच्या काठी मोलीनला गेला, कारण तेथे नदीचे पाणी यंत्रे फिरवी आणि नदीच माल वाहून नेई. मोलीनचे नगर झाले, ग्रँड डिटूर खेडेच राहिले. कल्पक माणूस दोन्हीकडे तोच होता. आपल्याकडे नदीचे काम कुंडल रोडच्या स्टेशनाने केले, आणि त्या उपकाराची फेड म्हणून की काय, स्टेशनाचेच नाव किर्लोस्करवाडी झाले!

१९२० साली कंपनी पब्लिक लिमिटेड झाली, आणि त्याच साली शंकररावांनी ‘किर्लोस्कर खबर’ सुरू केली. कारखान्याची बातमी गिऱ्हाइकांना पोचवणारे हे पत्रक पुढे ‘किर्लोस्कर’ मासिक झाले. १९३० साली ‘स्त्री’ आली, १९३४ साली ‘मनोहर’. फौंड्रीच्या धुरात तीन मासिके जन्मावीत ही नवलाची गोष्ट खरी. विधवा, हुंडा, विज्ञान, व्यायाम, सगळ्यांवर तेथे धीटपणे लिहिले गेले. पण नांगर घेणाऱ्याशी बोलण्यासाठी निघालेला कागद हळूहळू पुण्यामुंबईच्या दिवाणखान्यात जाऊन बसला. कुंडलच्या, पलूसच्या, बुर्लीच्या ज्या घरांतून माणसे भोंग्यासरशी कामावर येत, त्या घरांचे वाङ्मय त्यातून निर्माण व्हावयाचे राहून गेले. मासिकांच्या थोरवीला ह्याने बाध येत नाही. पण कारखान्याच्या कुंपणाबाहेरचे जग लेखणीला दिसले नाही, हा दोष मला मोठा वाटतो.

कारण कुंपणाबाहेर बरेच घडत होते. १९४३ पासून साताऱ्यात प्रतिसरकार उभे राहिले. त्याचे एक प्रमुख पुढारी जी. डी. बापू लाड हे कुंडलचेच. आणि १९४८ साली, गांधीजींच्या हत्येनंतर ब्राह्मणांच्या घरांवर जमाव चालून गेले तेव्हा, किर्लोस्करवाडीही जळाली. त्या हिंसेचे समर्थन कोणी करू नये; मीही करीत नाही. ज्यांनी उभारले त्यांच्या डोळ्यांदेखत ते पेटले, हे दुःख लहान नव्हे. तरी समीक्षकाला एक प्रश्न पडतोच. अडतीस वर्षे ज्या गावाने आसपासच्या खेड्यांना पगार दिला, ते गाव त्यांतल्या कित्येकांना आपले का वाटले नव्हते? द्वेष बाहेरून आला असे म्हणून मला हा प्रश्न मिटवता येत नाही. मालक चांगला असला तरी घर, पाणी, शाळा, पगार हे सारे एकाच हातातून येऊ लागले, की घेणाऱ्याच्या मनात एक अडी बसते. शिकागोजवळ जॉर्ज पुलमनने १८८० साली आगगाडीचे डबे करणाऱ्या कामगारांसाठी देखणे नगर वसवले. मंदीत पगार उतरवले, भाडी उतरवली नाहीत, आणि १८९४ साली तेथे मोठा संप झाला. वाडीचे मालक पुलमन नव्हते. पण मालकाने गाव वसवण्यातला पेच तोच होता.

भिलवडीचे उदाहरण म्हणूनच मला महत्त्वाचे वाटते. त्याच लोहमार्गावर, थोड्याच अंतरावर, १९३९ साली भास्कर गणेश चितळ्यांनी दुधाचा धंदा मांडला. त्याचा पसारा आज केवढा आहे हे सांगावयास नको. पुण्याची बाकरवडी खाणाऱ्या वाचकांनी तरी मला विचारू नये. पण भिलवडीची चितळेवाडी झाली नाही. दुधाला वसाहत लागत नाही, दूध गोठ्यात तयार होते. कारखाना जाईल तेथे गाव वसवावे लागते; डेअरी आधीच्या गावांच्या परड्यातून फिरते. ह्या दोन धंद्यांनी एकाच तालुक्याला दोन वेगळी वळणे दिली, आणि त्यांची तुलना करणारे पुस्तक मला हवे आहे.

किर्लोस्करांचे नवे कारखाने १९४१ साली हरिहरला, १९४६ साली बंगळूरला आणि पुण्याला निघाले. वाडीत पंप आजही होतात, पण वाडीचे शहर झाले नाही. वाढ झाली ती पलूसची. तेच तालुक्याचे ठिकाण झाले, तेथे औद्योगिक वसाहत आली, भोवती ऊस आणि द्राक्षे आली. ह्या वाढीत वाडीच्या भट्टीवर हात भाजून घेतलेल्या किती ओतारी-फिटरांची कसब आणि किती पगारांची बचत मुरली आहे, हे घराण्याच्या चरित्रांतून कळणार नाही. ते पलूसच्याच कोणा साचेवाल्याच्या नातवाने लिहावे लागेल. त्याने पहिले प्रकरण राजेसाहेबांच्या पत्रापासून सुरू करू नये. दोन वर्षे न विकल्या गेलेल्या त्या नांगराकडे बांधावरून पाहणाऱ्या माणसापासून करावे.