'औषधी प्रदूषण' : एका संज्ञेची चिकित्सा

औषधांच्या अवशेषांमुळे गोड्या पाण्यातील माशांच्या आरोग्यावर होणाऱ्या परिणामांविषयी मराठीत लिहू लागले, की 'औषधी प्रदूषण' हा शब्दप्रयोग चटकन लेखणीत येतो. तो सोयीचा खरा. परंतु शास्त्रीय लेखनाचा भार त्यास कितपत पेलवेल, याविषयी प्रस्तुत लेखकास शंका आहे.

'औषधी' हे विशेषण मराठीत प्रायः गुणवाचक आहे. औषधी वनस्पती म्हणजे औषधाचा गुण असलेली वनस्पती. त्याच न्यायाने औषधी प्रदूषण हे गुणकारी प्रदूषण ठरावयाचे! दुसरी अडचण अधिक गंभीर आहे. पिकावर 'औषध' फवारले जाते, आणि अमका 'औषध प्याला' असे खेड्यात कानी आले तर ऐकणाऱ्याच्या काळजात चर्र होते. कीटकनाशक व रोगनाशक या दोहोंना लोकभाषेत शब्द एकच. त्यामुळे 'औषधाने मासे बाधले' असे लिहिताच वाचकापुढे शेतातून ओढ्यात उतरलेले विष आणि पाण्यावर तरंगणारे मृत मासे उभे राहतात.

वस्तुतः येथे मासे बहुधा तत्काळ मरत नाहीत, आणि विषयाचे मर्म तेच आहे. कॅनडातील एका प्रायोगिक सरोवरात २००१ ते २००३ या काळात संततिनियमनाच्या गोळीतील कृत्रिम स्त्रीसंप्रेरक सोडण्यात आले. प्रमाण लीटरमागे अवघे ५ ते ६ नॅनोग्रॅम. फॅटहेड मिनो जातीच्या नरांच्या देहात मादीच्या अंड्यातील बलकाचे प्रथिन तयार होऊ लागले, प्रजनन खुंटले, आणि त्या सरोवरातून ती जात जवळजवळ नाहीशी झाली. ज्या डायक्लोफिनॅकमुळे आपल्याकडील गिधाडांचा संहार झाला, त्याच वेदनाशामकाने लीटरमागे ५ मायक्रोग्रॅम एवढ्या प्रमाणातही ट्राउट माशाच्या मूत्रपिंडात व कल्ल्यांत विकृती होतात, असे जर्मन संशोधकांनी २००४ मध्ये दाखविले.

आमच्या सांताक्रूझ-कालिन्याजवळून वाहणाऱ्या मिठीविषयीचे आपले लेखन पाहावे. काळे पाणी, दुर्गंधी, प्लास्टिक : सारी डोळ्यांची व नाकाची भाषा. गोळीतला जो अंश शरीरातून तसाच बाहेर पडून सांडपाण्यात उतरतो, आणि जो शुद्धीकरणाच्या रूढ पद्धतींनी पुरता निघत नाही, त्याला ना रंग ना वास. त्याच्यासाठी 'औषधावशेष' हा शब्द वापरावा, असे आम्हांस वाटते. जरा बोजड आहे, पण दिशाभूल करीत नाही.

'मात्रा' या शब्दाबाबतही असाच सैलपणा दिसतो. रोगी मात्रा घेतो आणि बरा झाल्यावर थांबतो. मासा त्या पाण्यातच जन्मतो व श्वास घेतो. तेव्हा पाण्यातील प्रमाणास 'संहती' म्हणावे, आणि 'मात्रा' हा शब्द माशाच्या देहात प्रत्यक्ष शिरलेल्या द्रव्यासाठी राखून ठेवावा.