दरबाराचा इतिहास आणि गावाचा इतिहास

यादव माधव काळे ह्यांचा ‘नागपूर प्रांताचा इतिहास’ हा ग्रंथ १९३४ साली प्रसिद्ध झाला. त्यापूर्वी १९२४ साली त्यांचा ‘वऱ्हाडचा इतिहास’ निघाला होता. बेसा येथील आमच्या घरी ह्या ग्रंथाचे नुकतेच पुनर्वाचन झाले, आणि त्याविषयीचा आमचा जुना आदर व जुनी तक्रार ही दोन्ही पुन्हा जागी झाली.

आदराचे कारण स्पष्ट आहे. ह्या प्रदेशाची माहिती हवी असल्यास पूर्वी जेंकिन्सचा १८२७ चा अहवाल किंवा ग्रँटचे १८७० चे गॅझेटियर उघडावे लागे. हे दोन्ही ग्रंथ इंग्रजीत, आणि राज्यकर्त्यांच्या सोयीसाठी लिहिलेले. काळे ह्यांनी प्रांताचा इतिहास प्रांतातील लोकांच्या भाषेत आणून ठेवला, हे त्यांचे उपकार होत.

तक्रार अशी की, हा इतिहास बहुतांशी दरबाराचा आहे. बख्त बुलंदाने वसविलेले नगर, रघूजी भोसल्यांचा पराक्रम, १८१७ ची सीताबर्डीची लढाई, १८५४ साली खालसा झालेले राज्य, हा क्रम आपणांस मुखोद्गत होतो. परंतु राज्य बदलले तेव्हा बेशासारख्या गावातील कुणब्याच्या दारी काय बदलले? ह्याचे उत्तर लढाईच्या वर्णनात सापडावयाचे नाही. १८६० नंतरच्या जमीनबंदोबस्तात मालगुजारांस गावाची मालकी मिळाली. गावचे रिवाज ‘वाजिब-उल-अर्ज’ नामक कागदात नोंदले गेले. ही मालगुजारी १९५१ साली संपली. शेतकऱ्याच्या दृष्टीने ह्या दोन घटना कोणत्याही लढाईहून लहान नव्हत्या.

तथापि ग्रंथकाराने न लिहिलेल्या ग्रंथाबद्दल त्यास दोष देणे न्याय्य नव्हे. काळे ह्यांच्यानंतर नव्वद वर्षे गेली; दोष आमच्यासारख्या सुशिक्षितांकडे येतो. इंग्लंडच्या राजघराण्यांचा क्रम आम्ही बिनचूक पाठ केला, पण नागपूरच्या शेजारी जुनापाणी येथील प्राचीन शिलावर्तुळे कित्येक वर्षे पाहिलीही नव्हती!

स्थानिक इतिहासाच्या नावाखाली घराण्यांची स्तोत्रेही पुष्कळ लिहिली जातात. ती आम्हांस नकोत. दंतकथा दंतकथा म्हणून, सांगणाऱ्याच्या नावासह टिपावी. कागद जसा असेल तसा, गैरसोयीच्या मजकुरासकट छापावा. राजवाड्यांनी दारोदार हिंडून दप्तरे जमविली ती ह्याच निष्ठेने.

हे काम आजच का, असे कोणी विचारील. बेशाची शेते आमच्या डोळ्यांदेखत ले-आउट झाली. शेताचा खसरा क्रमांक खरेदीखतात राहतो. पण शेताचे नाव, विहिरीचे नाव, पांदणीने कोण कोणाच्या बांधावरून जात असे ही हकीकत कोणत्याही खरेदीखतात नाही. ती चारदोन वृद्धांच्या स्मरणात आहे. वाचकांपैकी ज्यांच्या घरी जुन्या पावत्या वा बंदोबस्ताच्या नकला असतील, त्यांनी त्या रद्दीत घालण्यापूर्वी एकदा वाचाव्यात, आणि घरातील वृद्धांपाशी वही घेऊन बसावे. काळे ह्यांच्या ग्रंथाचा पुढील भाग तेथून लिहावयाचा आहे.