हेरकथांचे वाचक आणि नाव नसलेला पहारेकरी

शनिवार पेठेत, ओंकारेश्वराकडे जाणाऱ्या एका बोळात, आमच्या धर्मग्रामातील एक कुटुंब तीन पिढ्यांपासून राहत आहे. जुना वाडा पाडून त्या जागी नवी इमारत बांधण्याचे ठरले, तेव्हा माळ्यावरचे सामान उतरवताना एक पत्र्याची ट्रंक निघाली. ट्रंकेत दागिने नव्हते, दस्तऐवज नव्हते. होत्या त्या पाऊणशे-शंभर रहस्यकथा. पिवळ्या पडलेल्या, पाठीचा डिंक सुटलेल्या, कित्येकींवर वाचनालयाचे जांभळे शिक्के आणि परतीच्या तारखा. घरातील आजोबांनी त्या फिरत्या वाचनालयांच्या रद्दीतून पैशा-दोन पैशांनी जमवल्या होत्या. त्यांचा अकरावीतला नातू त्यांतील हेरकथा एकामागून एक वाचू लागला, आणि त्याच्या आईने आम्हाला विचारले, "फादर, याला वाचू देऊ की नको? हा आता सैन्यात जाण्याच्या गोष्टी करतो."

प्रश्न साधा होता, पण त्याचे उत्तर आम्हाला चटकन देता आले नाही. म्हणून त्याच घरी एका रविवारी सायंकाळी पाचसात वाचकांना जमवले, ट्रंकेतील एक पुस्तक सर्वांनी आळीपाळीने वाचावे असे ठरवले आणि महिन्याभराने प्रत्येकाचे मत ऐकले. पुस्तकाचे मुखपृष्ठ व पहिली काही पाने नाहीशी झाली होती, त्यामुळे लेखकाचे नाव कोणालाच ठाऊक नव्हते. हे एका परीने बरेच झाले. लेखकाची कीर्ती किंवा अपकीर्ती आड न येता केवळ कथेवर बोलता आले.

या वाङ्मयाची परंपरा थोडी सांगितली पाहिजे. मराठीत रहस्यकथेला घराघरांत नेले ते बाबुराव अर्नाळकरांनी. झुंझार आणि काळापहाड ही त्यांची पात्रे एका संपूर्ण पिढीच्या ओठांवर होती. १९९६ साली ते निवर्तले, तेव्हा हजारांहून अधिक पुस्तके त्यांच्या नावावर होती. पुढे गुरुनाथ नाईकांनीही हजारांचा टप्पा ओलांडला. त्यांच्या कॅप्टन दीपसारख्या नायकांनी रहस्यकथेला शहरातील खुनाच्या तपासातून काढून सैनिकी मोहिमांच्या आणि हेरगिरीच्या मुलखात नेले. २०२१ साली पुण्यातच त्यांचे निधन झाले. पुण्याच्या सुहास शिरवळकरांनी दारा बुलंद आणि बॅरिस्टर अमर विश्वास हे मालिकानायक निर्माण केले आणि त्याच हाताने सामाजिक कादंबऱ्याही लिहिल्या. समीक्षकांनी या वाङ्मयाकडे बहुधा पाठ फिरवली. वाचकांनी मात्र एस. टी. स्थानकावरील फलाटापासून रुग्णालयातील खाटेपर्यंत सर्वत्र ते वाचले. ज्या पुस्तकांनी हजारो माणसांना अक्षरांची गोडी लावली, त्यांना वाङ्मयाच्या दारात उभेच करायचे नाही, हा न्याय आम्हाला कधीच पटलेला नाही.

आता वाचकांची मते.

पहिले मत घरातील आजोबांचे. "हातातून सुटत नाही," एवढेच ते म्हणाले. आमच्या मते ही या कथाप्रकाराची सर्वांत प्रामाणिक समीक्षा आहे. हा वेग आपोआप येत नाही. प्रकरणे लहान असतात, प्रत्येक प्रकरण संकटाच्या उंबरठ्यावर सोडलेले असते, वर्णन दोन ओळींत उरकलेले असते आणि संवादात एकही शब्द रिकामा नसतो. महिन्याला चार-चार पुस्तके लिहिणाऱ्या लेखकाला हे साधणे म्हणजे सुताराला डोळे मिटून काटकोन साधण्यासारखे आहे. या कारागिरीचा मान राखलाच पाहिजे. परंतु वेगाचा आणखी एक गुणधर्म आहे. धावत्या गाडीतून माणसे दिसतात, चेहरे दिसत नाहीत. वेग वाचकाला पुढे नेतो आणि त्याच वेळी त्याला थांबून प्रश्न विचारू देत नाही.

दुसरे मत एका निवृत्त शिक्षिकेचे. त्या म्हणाल्या, "नायक मरणार नाही हे पहिल्या पानावरच ठाऊक असते. मग भीती कसली?" आक्षेप बिनतोड वाटतो, पण आम्हाला तो अर्धाच खरा वाटतो. कीर्तनाला बसलेल्या श्रोत्याला आख्यानाचा शेवट ठाऊक असतोच. तरी तो उत्तररंगापर्यंत जागचा हलत नाही. पोवाड्यात शेवटी गड सर होणार हे माहीत असूनही अंगावर काटा येतो. 'काय होणार' यापेक्षा 'कसे होणार' याची ओढ मालिकेच्या वाचकाला असते. ओळखीचा नायक त्याला घरच्या माणसासारखा होतो. मालिकेतील शंभरावे पुस्तक उघडणारा वाचक साहस शोधत नसतो, सोबत शोधत असतो. ही गरज क्षुद्र नाही. मात्र शिक्षिकाबाईंच्या बोलण्यातील उरलेले अर्धे सत्य असे, की ज्याला मरण नाही त्याला धैर्याचीही गरज नसते. नायकाला अमरपट्टा दिला की त्याचे शौर्य ही केवळ कवायत उरते.

तिसरे मत नातवाचे. "यातून देशप्रेम शिकायला मिळते," तो ठामपणे म्हणाला. त्याचे म्हणणे हसण्यावारी नेण्यासारखे नाही. १९६२, १९६५ आणि १९७१ या तीन युद्धांच्या सावलीत मराठी हेरकथा वाढली. १९६८ साली 'रॉ' ही परदेशी हेरगिरीसाठीची स्वतंत्र संघटना स्थापन झाली, ती आधीच्या दोन युद्धांत माहिती कमी पडल्याच्या जाणिवेतूनच. सामान्य वाचकाला त्या काळी सीमेवर काय चालले आहे याची माहिती तुटपुंजी मिळे. त्याच्या चिंतेला या कथांनी एक शूर, चतुर, आपल्याच भाषेत बोलणारा रक्षक दिला. तो दिलासा खोटा नव्हता.

परंतु खऱ्या हेरगिरीचे स्वरूप या कथांहून फार निराळे आहे, हे मुलाला सांगणे आम्हाला आवश्यक वाटले. ज्या पेठेत आम्ही बसलो होतो, तिला लागूनच शनिवारवाडा आहे. त्या वाड्यातून चाललेल्या राज्यकारभाराचे डोळे आणि कान म्हणजे दूरदूरच्या दरबारांत बसलेले वकील आणि बातमीदार. पुण्यातील पेशवे दफ्तरात त्यांची पत्रे आजही आहेत. त्यांत पाठलाग क्वचितच आढळतो. अमुक सरदाराने कूच केले, अमक्याकडे दाणावैरण भरली जात आहे, तमक्याचा जवाब अजून आला नाही, अशी ती पत्रे. नाना फडणीसांचे सामर्थ्य अशा बातम्या धीराने जुळवण्यात होते. खरा हेर बहुतेक काळ वाट पाहत असतो, आणि आपले काम इतके बेमालूम करतो की कोणाच्या लक्षातही येत नाही. कादंबरीतला हेर मात्र जिथे जातो तिथे स्फोट घडवून येतो!

येथे पवित्र शास्त्रातील एका हेरकथेचे स्मरण होते. यहोशवाच्या पुस्तकाच्या दुसऱ्या अध्यायात दोन हेर यरीहो नगरीत शिरतात. राहाब नावाची गणिका त्यांना छपरावर रचलेल्या सणाच्या काड्यांखाली लपवते आणि राजाच्या माणसांना खोटे सांगून वाटेला लावते. पुढे मत्तयाच्या शुभवर्तमानातील ख्रिस्ताच्या वंशावळीत तिचे नाव सन्मानाने येते. असत्याला कधीच क्षमा नाही असे मानणाऱ्या संत ऑगस्टीनला या प्रसंगाने पेचात टाकले. त्याने उत्तर दिले, की देवाने तिच्या खोटेपणाला नव्हे, तर तिच्या दयेला फळ दिले. हे उत्तर सर्वांचे समाधान करील असे नाही. पण प्रश्न विचारला गेला, हे महत्त्वाचे. आणखी एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. त्या कथेत दोन्ही हेर अनाम आहेत; नाव आहे ते शत्रूच्या नगरीतल्या, तटालगत राहणाऱ्या एका स्त्रीला.

चौथे मत सर्वांत शेवटी आले. एका सैनिकाच्या विधवा पत्नी त्या बैठकीस होत्या. त्यांनी पुस्तक पुरते वाचले होते. त्यांनी एक पान उघडले. नायक सीमेपलीकडच्या एका ठाण्यात शिरतो, पहारेकऱ्याचा गळा मागून आवळतो आणि पुढे निघतो. हे सारे तीन ओळींत. त्या शांतपणे म्हणाल्या, "फादर, हा जो मेला, त्याच्या घरी तार कोणी नेऊन दिली असेल?"

खोलीत कोणी बोलले नाही. त्या बाई शत्रूची बाजू घेत नव्हत्या. आपल्या घरी आलेली तार त्यांना आठवत होती. त्यांचा पतीही पलीकडच्या कुणाच्या तरी कथेत तीन ओळींचा पहारेकरी ठरला असता.

आम्ही स्वतः शाळेत असताना अशा कथा पुष्कळ वाचल्या. अभ्यासाच्या पुस्तकात लपवून वाचल्या, कंदिलाची वात बारीक करून वाचल्या. त्या रात्री घरी परतल्यावर, वाचलेल्या शेकडो पानांतील एक तरी मृत्यू आठवतो का, हे आम्ही आठवून पाहिले. नायकाचे पिस्तूल आठवले, मोटार आठवली, त्याची सिगारेट पेटवण्याची ढबही आठवली. मेलेल्यांपैकी एकही आठवला नाही. आमच्या धर्मगुरुपणाच्या वर्षांत आम्ही कितीतरी मृत्युशय्यांपाशी बसलो आहोत. त्यांतील एकही विसरलेलो नाही. हा फरक आम्हाला अस्वस्थ करून गेला.

मग हेरकथेत हा भार पेलताच येत नाही काय? येतो. इंग्रज कादंबरीकार ग्रॅहम ग्रीन यांनी १९२६ साली कॅथलिक श्रद्धा स्वीकारली आणि दुसऱ्या महायुद्धात पश्चिम आफ्रिकेतील सिएरा लिओन येथे ब्रिटिश गुप्तहेर खात्याचे काम केले. १९७८ साली प्रसिद्ध झालेली त्यांची 'द ह्यूमन फॅक्टर' ही कादंबरी लंडनमधील हेरखात्याच्या एका साध्या कचेरीत घडते. तिचा नायक कॅसल रोज आगगाडीने घरी जातो. आपल्या पत्नीला दक्षिण आफ्रिकेतून सोडवणाऱ्या मित्राच्या उपकारापोटी तो परकीयांना माहिती पुरवत असतो. संशय मात्र त्याच्या निरपराध सहकाऱ्यावर येतो आणि खात्यातील वरिष्ठ त्याला गाजावाजा न करता विष घालून मारतात. त्या एका मृत्यूचे ओझे पुढील सर्व पानांवर आहे. कादंबरीत धावपळ फारशी नाही, तरी पुस्तक खाली ठेववत नाही. वाचकाला धरून ठेवण्यासाठी दर प्रकरणाला एक प्रेत लागतेच असे नाही, याचा हा पुरावा आहे.

आमच्या मराठी लेखकांनी ग्रीनसारखे लिहावयास हवे होते, असे आम्ही म्हणत नाही. महिन्याच्या मुदतीत, तुटपुंज्या मानधनावर, रेल्वेच्या फलाटावर विकल्या जाणाऱ्या पुस्तकाकडून ती अपेक्षा अन्यायाची ठरेल. त्यांनी दिलेला आनंद खरा होता आणि त्याबद्दल कृतज्ञता हवी. परंतु हाच साचा आज चित्रपटांतून आणि मोबाइलवरील मालिकांतून दसपट वेगाने मुलांपर्यंत येत आहे. वेग वाढला, पहारेकरी वाढले, आणि तारेचा प्रश्न विचारणारे कोणी जवळ बसलेले नाही. म्हणून हे लिहिणे अगत्याचे वाटले.

त्या आईला आम्ही उत्तर दिले ते असे. पुस्तक काढून घेऊ नका. निषिद्ध ग्रंथांची यादी ख्रिस्तसभेनेच १९६६ साली मोडीत काढली. ती आपण घरात नव्याने कशाला करायची? शिवाय काढून घेतलेले पुस्तक मूल कंदिलाखाली वाचतेच, हे आम्ही स्वानुभवाने सांगतो. त्याला वाचू द्या. सैन्यात जायचे असेल तर खुशाल जाऊ द्या. फक्त पुस्तक संपले की त्याच्याशी बोला, आणि मेलेल्यांपैकी एखाद्याविषयी त्याला विचारा. देशासाठी शस्त्र उचलणाऱ्या माणसाला त्या शस्त्राचे वजन ठाऊक असावे. ज्याला ते ठाऊक आहे, तो सैनिक कमी शूर होत नाही. उलट अधिक विश्वासाचा होतो.

बैठक संपली. मुलगा ट्रंक आवरत होता. तो आम्हाला हळूच म्हणाला, "फादर, मी पुन्हा पाहिलं. त्या पहारेकऱ्याला नावच नाहीये." आम्ही म्हणालो, "तेच तर."

दाराशी चपला घालताना त्या विधवा भगिनी मागे वळल्या आणि थोड्या संकोचाने आजोबांना म्हणाल्या, "भाऊ, याच्या पुढचा भाग आहे का हो ट्रंकेत? त्या कागदांचं पुढे काय झालं ते कळायला हवं." आजोबांनी ट्रंक पुन्हा उघडली.