पोथी आणि परात

१८७४ साली पुण्यात विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी निबंधमाला सुरू केली, हे मराठी शाळेत शिकलेल्या कोणालाही ठाऊक असते. त्याच वर्षी, त्याच पुण्यात, हिब्रू आणि मराठी मजकूर असलेली एक सचित्र हग्गादा छापली गेली. तिची नोंद मात्र आमच्या वाङ्मयेतिहासांत शोधावी लागते. ती का शोधावी, एवढेच मला येथे सांगायचे आहे.

हग्गादा ही ज्यू लोकांची पेसाहच्या रात्री वाचायची पोथी. मिसरच्या गुलामगिरीतून पूर्वज कसे सुटले, त्याची कथा तीत आहे. पण ती देवळात वाचावयाची नव्हे. घरी, जेवणाच्या ताटांभोवती, बायकामुलांसह वाचावयाची. मराठी अनुवादासह तिची एक शिळाप्रेसवरची आवृत्ती मुंबईत १८४६ सालीच निघाली होती. पुण्याच्या आवृत्तीचे वैशिष्ट्य तिच्या चित्रांत आहे. युरोपातल्या जुन्या हग्गादांवरून हा चित्रांचा नमुना घेतला. परंतु बिनखमिराची भाकर करणाऱ्या बायका लुगडी नेसून जमिनीवर बसलेल्या दाखविल्या आहेत. चित्रकाराने पोशाख बदलला, एवढाच याचा अर्थ नव्हे. ज्या स्वयंपाकघरात ही पोथी जाणार होती, ते स्वयंपाकघरच त्याने पोथीत आणले.

आणि त्या स्वयंपाकघराचा तो हक्कच होता. बेने इस्रायल, म्हणजे कोकणातले मराठी ज्यू. नवगावच्या किनाऱ्याशी गलबत फुटले, सात जोडपी वाचली आणि त्यांच्यापासून समाज वाढला, अशी त्यांची परंपरागत कथा आहे. तेलाचे घाणे चालवीत आणि शनिवारी ते बंद ठेवीत, म्हणून गावाने त्यांना 'शनवार तेली' म्हटले. पोथ्या गेल्या होत्या, हिब्रू जवळजवळ विसरली होती. उरली होती ती शेमाची प्रार्थना, शनिवारची विश्रांती, मुलाची सुंता आणि खाण्यापिण्याचे काही नेम. मुंबईत त्यांचे पहिले प्रार्थनामंदिर उभे राहिले ते १७९६ साली. तोवरची कित्येक शतके धर्म सांभाळला तो घाण्याने आणि चुलीने.

त्या काळातली त्यांच्या सणांची नावे पाहा. हाइम सॅम्युएल केहिमकरांनी ती आपल्या इंग्रजी इतिहासात नोंदवून ठेवली आहेत. १८९७ सालचा हा ग्रंथ छापला गेला तो १९३७ साली, तेल अवीवला. वर्षारंभ तो 'नव्याचा सण'. प्रायश्चित्ताचा मोठा उपास तो 'दारफाळणीचा सण', कारण त्या दिवशी घराची दारे लावून आत राहायचे. यरुशलेमचे मंदिर पडले त्या दुःखाचा उपास तो 'बिरड्याचा रोजा'. आणि एक 'खिरीचा सण'. पंडित अशा नावांकडे पाहून म्हणतात, मूळ अर्थ विसरला, नुसते अवशेष राहिले. मला हे मान्य नाही. यरुशलेमचे नाव ओठांवरून गेले असेल. पण त्या दिवशी मोड आलेले वाल सोलणाऱ्या बाईला हा दिवस इतर दिवसांसारखा नाही, हे पक्के ठाऊक होते. ज्या स्मृतीला पोथी मिळाली नाही, तिने वालाच्या दाण्यात घर केले. याला विस्मरण कसे म्हणावे?

ज्यू धर्माच्या मुळाशीच ही सोय आहे. शेमात देवाच्या एकत्वाची ग्वाही आहे. त्या ग्वाहीच्या लगेच पुढे काय सांगितले आहे? ही वचने मुलांना शिकवा. घरात बसता, वाटेने चालता, निजता, उठता त्यांविषयी बोला. दाराच्या चौकटीवर लिहा. म्हणून तर ज्यू घराच्या चौकटीवर मेझुझा असते आणि येताजाता तिला हात लावून तो ओठांशी नेतात. भाकरीला एक आशीर्वचन, फळाला दुसरे. वीज चमकली, इंद्रधनुष्य दिसले तरी त्याचे आशीर्वचन वेगळे. दिवसाला अशी शंभर म्हणावीत, असे जुन्या आचार्यांचे सांगणे आहे. बेने इस्रायलांच्या मलिद्यात हेच कोकणी रूपाने दिसते. पोहे, ओले खोबरे, साखर आणि फळे यांचे ताट मांडायचे, एलियाहू हन्नाबीचे स्मरण करायचे आणि झाडाच्या फळाला एक, जमिनीतून आलेल्याला दुसरे, असे वेगवेगळे आभार मानायचे. लग्न असो, नवस असो, दुखण्यातून उठणे असो, निमित्त घरातलेच.

येथे मराठवाड्यातल्या वाचकाला आपली माणसे आठवतील. गंगाखेडच्या जनाबाईचे जाते, तेरच्या गोरोबांचा चिखल, आमच्या छत्रपती संभाजीनगरपासून पन्नासेक किलोमीटरवर पैठणला नाथांनी केलेला संसार. काम आणि नामस्मरण यांत भिंत नाही, हे आपण त्यांच्याकडून शिकलो. पण म्हणून 'म्हणजे हे आपलेच की!' असे म्हणून मोकळे होऊ नये. ते प्रेमाचे वाटले तरी वाचनाच्या दृष्टीने आळशीपणाचे आहे. जनाबाईच्या जात्याशी विठ्ठल दळू लागतो; बेने इस्रायलांच्या देवाला रूप नाही, तो जात्याशी येऊन बसणार नाही. तेथे माणसानेच थांबून त्याची आठवण करायची असते. फरक लहान नाही.

या समाजाची कीर्तने याची साक्ष देतात. सुमारे १८८० पासून मुंबईत बेंजामिन अष्टमकर, डेव्हिड दिवेकर आदींनी हरिदासी कीर्तनाची घडण घेऊन अब्राहाम, योसेफ, मोशे यांची आख्याने मराठीत उभी केली. चाली आपल्या, देव त्यांचा. घागर शेजारची, पाणी आपल्या विहिरीचे. शेजाऱ्याकडून घ्यावे कसे आणि आपले राखावे कसे, याचा इतका नेटका धडा मराठीत फार थोड्या ठिकाणी सापडेल.

एक आक्षेप मात्र खरा आहे. रोज शंभर वेळा म्हटलेले आशीर्वचन यंत्रासारखे होणार नाही काय? होते. शाळेतली प्रार्थना रोज ऐकणाऱ्या मास्तराला हे कोणी सांगायला नको. हग्गादेचे मोठेपण मला येथे वाटते. तिच्या रचनेत घरातले सर्वांत धाकटे मूल आधी विचारते, ही रात्र इतर रात्रींहून वेगळी का? मग वडीलधाऱ्यांनी उत्तर द्यायचे. एवढेच नव्हे, तर शहाणा, उद्धट, भोळा आणि ज्याला विचारताही येत नाही असा, चार प्रकारच्या मुलांना चार प्रकारे सांगायचे, अशी तजवीज आहे. हाताची सवय झोपी जाऊ लागते, तेव्हा तिला मुलाचा प्रश्न जागा करतो. केवळ आज्ञांचा ग्रंथ हे करू शकला नसता.

म्हणूनच आजची स्थिती मनाला लागते. १९४८ नंतर बहुसंख्य बेने इस्रायल इस्रायलला गेले. भारतात आता जेमतेम काही हजार ज्यू उरले आहेत. तिकडे मलिदा होतो, मराठी कीर्तनेही अधूनमधून ऐकू येतात. धर्म बुडाला नाही. तो त्यांना परत मिळाला, मूळ भाषेसह मिळाला. पण धाकटे मूल आता हिब्रूत विचारते. ज्या मराठीने बिनमूर्तीच्या देवाला दारफाळणी आणि बिरडे हे शब्द दिले, तिच्यात तो प्रश्न विचारणारी घरे थोडीच राहिली. नुकसान त्यांच्याहून आपले अधिक आहे.

ही हग्गादा आणि ही कीर्तने मराठीच्या वर्गात शिकविली पाहिजेत, निबंधमालेच्या शेजारी बसवून. तोवर वाचकांनी एवढे करावे. या दिवाळीत घरातल्या लहानग्याने विचारले, की नरकचतुर्दशीला कारेटे का फोडायचे, तर 'रीत आहे, फोड' म्हणून त्याला गप्प बसवू नये. उत्तर येत असेल तर सांगावे. येत नसेल तर त्याच्याबरोबर शोधावे. रीत जिवंत राहते ती अशा विचारण्यानेच.