यंत्रमानवाच्या अंगावरील गंज

गेल्या वैशाखात पुतण्या पुण्याहून धूलकोटला आला तेव्हा त्याच्या सामानात कपड्यांपेक्षा खोकीच अधिक होती. एका खोक्यात लहानसा कॉम्प्रेसर, दुसऱ्यात रंगांच्या बाटल्या, आणि तिसऱ्यात कापसात गुंडाळलेले, वीतभर उंचीचे तीन यंत्रमानव. हे खेळणे बाजारातून जसे येते तसे ठेवायचे नाही. ते सुटे करायचे, घासायचे, त्याला अस्तर द्यायचे आणि मग हवेच्या दाबाने रंग फवारून त्याला स्वतःचे असे रूप द्यायचे, हा त्याचा गेल्या काही वर्षांचा व्यासंग आहे. "काका, तुम्ही चित्रांवर लिहिता, यांच्यावर लिहून दाखवा," असे तो म्हणाला. त्या म्हणण्यात थट्टा किती आणि आर्जव किती, हे मला तेव्हा नीटसे उमगले नाही. तथापि तिन्ही कामे महिनाभर डोळ्यांसमोर राहिली, आणि त्यांच्याविषयी काही मत बनवल्यावाचून राहवेना.

साधन नवे नाही. अमेरिकेतील आयोवा प्रांतात अॅबनर पीलर याने 1879 च्या सुमारास हवेने रंग फेकणारे पहिले ओबडधोबड यंत्र बनवले. 1890 च्या दशकात चार्ल्स बर्डिक याने त्याला आजचे, लेखणीसारखे रूप दिले. एअरब्रश म्हणतात तो हाच. आरंभी त्याचा मुख्य उपयोग छायाचित्रे रंगवण्यासाठी आणि त्यांतील दोष झाकण्यासाठी होई. आपल्या घरांत मात्र हे साधन आले ते रघुवीर मुळगावकरांच्या हातून. गोव्यात जन्मलेल्या या चित्रकाराने (1918–1976) दिवाळी अंकांची मुखपृष्ठे, देवादिकांची कॅलेंडरे, बाबूराव अर्नाळकरांच्या रहस्यकथांची वेष्टने अशी किती म्हणून चित्रे काढली! घर सोडून इकडे येऊन चार पिढ्या झालेल्या आमच्यासारख्या कुटुंबांत मराठी अक्षरांइतकीच मुळगावकरांची लक्ष्मीही 'आपल्याकडची' खूण होती. त्या लक्ष्मीच्या गालावर ब्रशचा एकही फटकारा सापडत नसे. रंग जणू आतून उजळून वर आलेला. दीनानाथ दलालांच्या चित्रात रेषा बोलते, मुळगावकरांच्या चित्रात त्वचा. आणि त्यांच्यावर जी टीका होत आली तीही याच त्वचेवर. ही माणसे कधी घामेजत नाहीत, थकत नाहीत, उन्हात रापत नाहीत, असा तो आक्षेप होता. आक्षेप खोटा नव्हता, परंतु स्प्रेच्या तंत्राचा मूळ स्वभावच हाताची खूण पुसण्याचा आहे, हे त्यात विसरले जाई.

यंत्रमानव रंगवणाऱ्यांनी या स्वभावाला उलटे जुंपले आहे. नव्याकोऱ्या प्लास्टिकला जुने करण्यासाठी ते एअरब्रश वापरतात. या उलटापालटीचे मूळ जपानमध्ये आहे. 1979 साली तेथे 'गंडम' ही दूरचित्रवाणी मालिका सुरू झाली. योशियुकी तोमिनो तिचे दिग्दर्शक, यंत्रांचे आरेखन कुनिओ ओकावारा यांचे. पहिल्या प्रक्षेपणात ती फारशी चालली नाही, 52 ऐवजी 43 भागांतच आटोपती घ्यावी लागली. पण जुलै 1980 मध्ये बांदाई या कंपनीने 300 येनांना तिच्यातील यंत्रमानवाचा जोडणीसंच बाजारात आणला आणि चित्र पालटले. त्यापूर्वीचे यंत्रमानव हे एकेकटे वीरपुरुष असत. 'गंडम'मधील यंत्रे मात्र रणगाड्यांसारखी कारखान्यात शेकड्यांनी घडतात, मोडतात, दुरुस्त होतात, धुळीत उभी राहतात. शत्रुपक्षाचे हिरवे, एकाक्ष 'झाकू' हे यंत्र सर्व सैनिकांचे सारखेच; एका अधिकाऱ्याचे तेवढे लाल. एकाच आकाराला रंगाने निराळे व्यक्तित्व मिळते, ही कल्पना मालिकेतच होती. ती मुलांनी उचलली. रणगाड्यांच्या प्रतिकृती चिखलमाती लावून रंगवणारा एक वर्ग आधीपासून होताच. त्यांची विद्या यंत्रमानवांकडे आली आणि पाहता पाहता तिचे शास्त्र बनले.

ते शास्त्र मी पुतण्याशेजारी बसून पाहिले. सुटे भाग साबणाच्या पाण्याने धुवायचे, कारण साच्यातून निघताना त्यांवर तेलकट थर राहिलेला असतो. सांधे पॉलिशपेपरने घासायचे, चारशे, सहाशे, आठशे नंबर असे चढत. मग राखाडी अस्तर. मग कडांवर आणि खाचांत गडद रंग, आणि प्रत्येक पत्र्याच्या मध्यभागी मूळ रंगाची पातळ फवारणी, अशी की कडेचा काळोख थोडा शिल्लक राहील. रंग दुधाइतका पातळ हवा. सुईचे तोंड मिलिमीटरच्या तीन दशांशांचे. गंज दाखवायचा तर खाली तांबूस रंग, त्यावर केसांना मारायचा स्प्रे, त्यावर वरचा रंग; वाळल्यावर ओल्या ब्रशने चोळले की मधला थर विरघळतो आणि वरच्या रंगाचे पोपडे निघतात. आमच्या हवेने त्याची बरीच परीक्षा घेतली. बेचाळीस अंशांच्या दुपारी रंगाचे तुषार वाटेतच वाळत आणि पृष्ठभागावर पिठासारखे बसत, म्हणून काम पहाटेवर गेले. वीज गेली की कॉम्प्रेसर मुका. त्या सक्तीच्या विश्रांतीत आमच्या खऱ्या गप्पा झाल्या.

पहिले काम झाकूचे. दुरून पाहता ते तिघांत सर्वांत देखणे, आणि माझ्या मते सर्वांत दुबळे. प्रत्येक पत्र्याची कड सारखीच काळवंडलेली, प्रत्येक कोपऱ्यावर तेवढाच पोपडा, छातीवर, पाठीवर, डोक्यावर गंजाची सारखी पखरण. हातखंडा असा की बोट ठेवायला जागा नाही. परंतु हे यंत्र गंजले कोठे? अवकाशात हवाही नाही आणि पाणीही नाही, तेथे लोखंड तांबूस होणार कसे? पाठीवरच्या ज्या नळ्यांतून ज्वाळा निघतात तेथे काजळी हवी, तेथेही याने गंजच लावला आहे. हे मी बोललो तेव्हा तो म्हणाला, "काका, खेळण्यात एवढे कोण पाहते?" हाच तर वादाचा मुद्दा आहे. गंज ही घटना आहे. कोणते तरी पाणी कोठे तरी साचले, कोणाचा तरी हात रोज एकाच जागी घासला, तेव्हा ती घडते. घटनेशिवाय काढलेला गंज हा नक्षी होतो, आणि नक्षीच काढायची तर ती उघडपणे काढावी. मुळगावकरांच्या न घामेजणाऱ्या माणसांवर जो आक्षेप होता, तोच या सर्वांगी घामेजलेल्या यंत्रावर उलट दिशेने लागू पडतो. तेथे काळ पुसला होता, येथे तो सर्वत्र सारखा थापला आहे.

दुसरे काम आमच्या हाटातल्या खेळण्याचे. भगोरियाच्या गर्दीत विकत घेतलेला, बॅटरीवर चालणारा, चंदेरी मुलाम्याचा, छातीत लाल दिवा लुकलुकणारा स्वस्त यंत्रमानव त्याने मला मागवून ठेवायला सांगितला होता. मुलामा काढून त्याने त्याला ट्रॅक्टरचा निळा रंग दिला, पोटऱ्यांपर्यंत करडी धूळ, खांद्यावर एकच ओरखडा. नावातच धूळ असलेल्या गावाला साजेसे काम म्हणायचे! विनोद चांगला आहे, पण विनोदच आहे. ते पाहून हसू येते आणि मग दुसऱ्यांदा पाहावेसे वाटत नाही.

तिसऱ्याविषयी लिहिण्यापूर्वी आमच्या घरातील बैलाविषयी लिहिणे भाग आहे. आजोबा नागपूरकडून इकडे आले तेव्हा त्यांनी चाकांचा एक लाकडी बैल बरोबर आणला. तान्ह्या पोळ्याची चाल दुसऱ्या रघुजी भोसल्यांनी 1806 मध्ये पाडली असे नागपूरकर सांगतात; पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मुलांनी लाकडी बैल सजवून मिरवायचे. आमचा बैल दरवर्षी त्याच्या आदल्या आठवड्यात रंगवला जाई, ज्या वर्षी घरात जो ऑइलपेंट उरला असेल त्याने. दाराचा हिरवा, खिडकीचा निळा, एकदा तर पत्र्याच्या डब्याचा लाल. हे सर्व थर एकावर एक आहेत. पुतण्याने तो खिडकीशी नेऊन तासभर न्याहाळला. वशिंडावर, जेथे मुलांची मूठ पडत असे, तेथे लालाखाली निळा, निळ्याखाली हिरवा आणि मधोमध उघडे लाकूड, अशी वर्तुळे दिसतात. दोरी बांधण्याच्या भोकाभोवती कड झिजून गोल झाली आहे. पोटाखाली मात्र रंग मुळीच झिजलेला नाही, उलट ओघळ सुकून त्याचे मणी झाले आहेत. त्याला जे हेअरस्प्रेने करावे लागते ते येथे तीन पिढ्यांच्या तळहातांनी केले होते.

त्यानंतर त्याने तिसरे काम पुन्हा सुरू केले. तेही झाकूच, पण पहिल्याच्या शेजारी ठेवले तर गरीब दिसेल. बहुतेक अंग सपाट, किंचित उन्हाने उडालेल्या हिरव्या रंगाचे. झीज दोनच ठिकाणी. चालक छातीच्या दारातून आत शिरताना जेथे पाय ठेवील ती कड, आणि शस्त्र पेलणाऱ्या उजव्या तळहाताचा आतला भाग. डाव्या खांद्यावरचा एक पत्रा नवा, इतरांहून गडद; म्हणजे मोडला आणि बदलला. बाकी काही नाही. पाहणारा आपोआप विचारतो, डावा खांदा केव्हा मोडला? मला हे काम खरे वाटते. त्याच्या हाताची सफाई पहिल्या कामात अधिक दिसते; त्याची नजर येथे दिसते.

एक दोष मात्र तिन्हींत आहे आणि तो या संपूर्ण छंदात आहे. ही हलणारी खेळणी आहेत. कोपर, गुडघा, खांदा फिरतो. परंतु रंगवलेला सांधा फिरवला की रंग खरवडतो. म्हणून छांदिष्ट लोक सांध्यांच्या आतल्या बाजू तासून जागा करतात, तरीही भीती जात नाही, आणि अखेरीस त्या यंत्रमानवाला एका ऐटीत उभा करून काचेआड ठेवतात. ज्या वस्तूवर एवढ्या कष्टाने वापराच्या खुणा काढल्या, तिला वापराचा स्पर्शही होऊ द्यायचा नाही! पेणच्या कारखान्यातला गणपती स्प्रेने रंगवला जातो आणि दीड किंवा दहा दिवसांत पाण्यात जातो. डोळ्यांची आखणी करणाऱ्याला ते ठाऊक असते आणि तरी त्याचा हात हयगय करत नाही. त्या रंगाचे वाहून जाणे ठरलेले आहे. यंत्रमानवाच्या रंगाला जाण्याची मुभाच नाही. बनावट पोपडे सांभाळण्यासाठी खरा पोपडा टाळला जातो, यात मला काही तरी केविलवाणे वाटते.

हे मी त्याला जरा आवेशाने सुनावले. तो ऐकून घेऊन म्हणाला, "मग बैल काचेच्या कपाटात का आहे, काका?"

यावर माझ्यापाशी उत्तर नव्हते. बैलाला शेवटचा रंग लागला तो पुतण्याच्या बालपणी. घरात पोरे उरली नाहीत तसा तो कपाटात गेला. निघण्याच्या आदल्या दिवशी पुतण्याने पोळ्यासाठी तो रंगवून देण्याची तयारी दाखवली. मी नको म्हणालो. वशिंडावरची वर्तुळे नव्या थराखाली जातील, असे कारण सांगितले. आपल्या सौंदर्यदृष्टीवर मी तेव्हा प्रसन्न होतो. पण ती वर्तुळे झाली ती दरवर्षी कोणी तरी वरून रंग फासला म्हणूनच, हे सांगताना मी सोयीस्करपणे गाळले.

तिसरा यंत्रमानव तो येथेच ठेवून गेला आहे, काचेबाहेर, खिडकीच्या कोनाड्यात. शेजारची मुले येतात आणि त्याचे हात फिरवून पाहतात. उजव्या कोपराच्या आतील बाजूस रंगाची एक चकती निघाली असून खालचे राखाडी अस्तर दिसू लागले आहे. बैल मी कपाटातून काढून ओसरीवर ठेवला आहे. पोळ्याला अजून तीन आठवडे आहेत. माळ्यावरच्या डब्यात फाटकाचा उरलेला पिवळा रंग आहे, तो वर साय धरून बसला आहे. ढवळला तर कामास येईल असे वाटते.